सीडीची नाजूक बाजू

सीडी हातात आली की आपण ती उलटी करतो आणि चकचकीत बाजू उजेडात धरून चरे शोधतो. छापील बाजूकडे कुणी ढुंकून पाहत नाही. टेबलावर ठेवताना तीच खाली घासली जाते, तिच्यावरच बॉलपेननं नाव लिहिलं जातं. गाणं मात्र त्याच बाजूला असतं. १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती, तिच्या वरच्या अंगाला सूक्ष्म खळगे, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा, त्यावर काही मायक्रॉन जाडीचं लॅकर आणि त्यावर गायकाचं नाव, अशी ही रचना आहे. चकचकीत बाजूनं गाण्यापर्यंत पोचायला जवळजवळ सगळं प्लास्टिक ओलांडावं लागतं. छापील बाजूनं पेनचं टोक पुरतं.

त्या खळग्यांची एकच सलग रेघ असते. ती मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेरच्या कडेकडे जाते. दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत चाळीसेक फेरे बसतात. पूर्ण भरलेल्या सीडीवर असे वीस हजारांच्या वर फेरे होतात, आणि ही रेघ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाईल. लेझर या रेघेवरून सेकंदाला सुमारे सव्वा मीटर सरकतो. हा वेग कायम राहावा म्हणून चकती आतल्या फेऱ्यांवर मिनिटाला ५००च्या आसपास गरगरते आणि कडेला पोचेपर्यंत २००पर्यंत मंदावते.

रेघेत आकडे लिहिलेले असतात. आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि दर वेळी तिची उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची, हे डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं की लहर पुन्हा अचूक उभी करता येते, हे गणित आधीच सिद्ध झालेलं होतं. पण मग सरळ ४५,००० का घेतले नाहीत? सत्तरच्या दशकात इतके आकडे साठवायला सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ टेप. जपान-अमेरिकेच्या टीव्हीत सेकंदाला ६० क्षेत्रं (पडद्यावरची अर्धी-अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी, ओळीमागे ३ आकडे : गुणाकार ४४,१००. युरोपात ५० क्षेत्रं आणि २९४ ओळी, तरी गुणाकार तोच. दोन्ही पद्धतींच्या टीव्हींचं जिथे जमलं तो आकडा आपल्या गाण्यांना कायमचा चिकटला.

सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून हे सगळं १९८० साली नियमांत बांधलं. ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीत हानोव्हरजवळच्या लांगेनहागेनमध्ये कारखान्यातून सीडी बाहेर पडू लागल्या आणि १ ऑक्टोबरला जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर विक्रीला आला. बीथोव्हनची नववी सिंफनी एका चकतीत मावावी म्हणून ७४ मिनिटं ठरली, ही गोष्ट फार सांगितली जाते. फिलिप्समध्ये या कामात असलेले अभियंते कीस इमिंक यांनी तिच्याबद्दल शंका घेतली आहे. आपल्याला त्या ७४ मिनिटांचं मोल वेगळ्या कारणानं कळतं : ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर राग तीन-साडेतीन मिनिटांत आटपावा लागे, एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळत. सीडीवर विलंबित ख्याल निवांत बसला, मध्ये उठून बाजू बदलायची गरज उरली नाही.

मला खरा अचंबा वाटतो तो पुढच्या भागाचा. संगीताचे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चकतीवर मात्र सेकंदाला ४३ लाखांहून जास्त लिहिले जातात. म्हणजे चकतीवरच्या खुणांपैकी जेमतेम एक तृतीयांश गाणं आहे. उरलेल्यातला काही भाग वाचन सोपं व्हावं म्हणून असतो आणि काही भाग म्हणजे ही चकती खराब होणारच, असं धरून केलेली तरतूद. खळगे लेझरला नीट वाचता यावेत म्हणून दर आठ बिटांचे आधी चौदा केले जातात आणि वर तीन जोडबिट येतात. त्याशिवाय आर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितानं काढलेले तपासणीचे आकडे असतात. युरेनसजवळून व्हॉयेजर यानानं पाठवलेली छायाचित्रं धडपणे पृथ्वीवर पोचली त्यातही याच गणिताचा हात होता.

हे गणितही एकटं पुरत नाही, कारण चरा एका जागचं सगळंच घेऊन जातो. म्हणून आकडे आधी पांगवले जातात. समजा, पत्रांचा गठ्ठा गावाला पाठवायचा आहे आणि एखादी एसटी वाटेत बंद पडण्याची भीती आहे. अशा वेळी प्रत्येक पत्राचे शब्द सुटे करून वेगवेगळ्या गाड्यांत टाकले, तर एक गाडी गेली तरी प्रत्येक पत्रातला एखादाच शब्द गळेल आणि तो संदर्भावरून भरता येईल. सीडीवर सेकंदाच्या एका लहानशा तुकड्याचे आकडे असेच रेघेच्या दीड-दोन सेंटिमीटर लांबीवर विखुरलेले असतात. त्यामुळे रेघेवरची सुमारे अडीच मिलिमीटरचं सलग खिंडार प्लेअर तंतोतंत भरून काढतो, एकही आकडा न चुकता. ते त्याहून मोठं असेल तर आजूबाजूचे आकडे पाहून मधला अंदाजानं बसवतो, आणि तेही जमलं नाही तर तेवढ्यापुरता गप्प बसतो.

त्यात प्लास्टिकच्या जाडीचीही मदत होते. लेझरचा किरण चकचकीत पृष्ठभागावर पाऊण मिलिमीटरभर पसरलेला असतो आणि आत जाता जाता आक्रसून खळग्यांपाशी दोनेक मायक्रॉनचा होतो. पृष्ठभागावरची धूळ आणि बारीक चरा त्याच्या नजरेतून पुसट होऊन जातात. छापील बाजूला असा काही आडपडदा नाही. तिथे धातूचा मुलामा खरवडला गेला तर परत येणारा प्रकाशच नसतो, आणि पॉलिश करून तो परत आणता येत नाही.

घरी राइट केलेल्या सीडीत खळगे नसतातच. १९८८ साली जपानच्या ताइयो युदेन कंपनीनं कोरी सीडी तयार केली, तिच्यात आधीपासून कोरलेली एक चर असते आणि तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर. चर किंचित नागमोडी असते, आणि त्या नागमोडीवरूनच रेकॉर्डरला कळतं की आपण कुठे आहोत आणि किती वेगानं फिरायचं. लेझर जोर वाढवून जागोजागी रंगद्रव्य तापवतो. तिथून प्रकाश कमी परततो, आणि तो फरक प्लेअरला खळग्यासारखाच दिसतो. रंगद्रव्य थोडा प्रकाश खातं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची चमक पुरेना. आधी सोन्याचा आणि मग चांदीचा मुलामा द्यावा लागला. अशी कोरी सीडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी बनलेले प्लेअरही ती बहुतेक वेळा विनातक्रार वाजवतात, याला मी किमयाच म्हणतो.

मैफलीचं रेकॉर्डिंग सीडीवर उतरवताना एक काळजी घ्यावी. एकेक ट्रॅक सुटा लिहायची पद्धत निवडली तर दोन ट्रॅकमध्ये सहसा दोन सेकंदांची शांतता पडते, आणि विलंबित संपून द्रुत सुरू होतानाच ती नेमकी कानाला टोचते. अख्खी चकती एका दमात लिहायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती घ्यावी. आणि जुन्या कॅसेटींचा ठेवा जपायचा असेल तर ऑडिओ सीडीबरोबर त्याच रेकॉर्डिंगच्या वेव्ह फाइल डेटा सीडीवरही ठेवाव्यात. डेटा सीडीवर चूक सुधारण्याचा आणखी एक थर असतो. गाण्यात अंदाजानं बसवलेला सूर खपतो, हिशेबात अंदाजाचा आकडा खपत नाही, म्हणून तो थर आला; त्याचा फायदा गाण्यानंही घ्यावा.

बाकी निगा साधी आहे. कडांनी धरावी. पुसायची तर मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ, कधीही गोल नाही : गोल चरा रेघेच्या दिशेनं जातो आणि सलग आकडे खातो, आडवा चरा प्रत्येक फेऱ्यातला कणभरच. लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या मऊ पेननं, तेही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी लेबल चिकटवू नये; तोल जातो, आणि पुढे ते सोलताना मुलामाही निघून येतो. राइट केलेली सीडी उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच टाकू नये, कारण तिचं रंगद्रव्य उजेडानं आणि उष्णतेनं बिघडतं.

शत्रू अनपेक्षित ठिकाणाहूनही येतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान बनलेल्या काही सीडी कडेपासून तपकिरी होत गेल्या. पुस्तिकेच्या कागदातलं गंधक लॅकर पार करून आतल्या चांदीच्या मुलाम्याला भिडलं होतं. २००१ मध्ये स्पेनच्या शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेली एक सीडी तपासली, तेव्हा तिच्या कडेतून शिरलेल्या बुरशीनं अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिक दोन्ही पोखरलेलं आढळलं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटाला कसा वास येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी सीडी कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, कागदी पाकिटाऐवजी डबीत.

चुका भरून काढणाऱ्या सीडीच्या या क्षमाशीलतेचीच एक अडचण आहे. कॅसेट झिजत गेली की आवाज आधी मळतो, आपल्याला पूर्वसूचना मिळते. सीडी आतून बिघडत असताना गणित सगळं झाकत राहतं आणि गाणं पहिल्या दिवसासारखंच वाजतं. गणिताची ताकद संपली की मग एकदम टक-टक सुरू होते. म्हणून कानावर भिस्त ठेवू नये. काही संगणकी ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर किती चुका दुरुस्त कराव्या लागल्या ते मोजून दाखवतात. दर वर्षा-दोन वर्षांनी ती मोजणी करावी, आणि दुरुस्तीपलीकडच्या चुका दिसायच्या आतच सीडी दुसरीकडे उतरवून घ्यावी. तोवर घेतलेली नक्कल मूळ आकड्यांशी शेवटच्या बिटापर्यंत जुळते.