दिसून नाही राहिलं

आमच्या नागपूरकडे म्हातारपण आधी डोळ्यांत येतं आणि एका वाक्यात बोलतं : ‘बाप्पा, काही दिसूनच नाही राहिलं!’ आईचं हे वाक्य सुईपाशी आलं. अंगणातल्या उजेडात बसून तिनं दोरा तीनदा ओला केला, चौथ्यांदा सुई नातवाच्या हातात दिली.

ही चाळिशी. वयाचंच नाव आपण चष्म्याला दिलं. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं पाहायला फुगत नाही. हा आजार नव्हे. पुढे बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होतं. दिवेलागणीला पायऱ्या चुकतात, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत घुसतो.

मग येतो मोतीबिंदू आणि त्याच्यासोबत सल्ला : ‘पिकू द्या.’ जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात या सल्ल्याला अर्थ होता. भिंग काढलं, की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा जन्माचा सोबती. 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडले यांनी कृत्रिम भिंग बसवलं. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी मोतीबिंदू काढायची ‘फेको’ ही पद्धत आणली. आता छेद बारीक असतो आणि फार पिकलेला मोतीबिंदूच काढायला अवघड जातो. सल्ला मात्र जुनाच राहिला.

त्याची किंमत आपल्याच परिसरात मोजली गेली आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या चमूनं 2006 ते 2009 या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या 4,711 जणांना तपासलं. नजर अधू होण्याची ठळक कारणं दोन निघाली : मोतीबिंदू आणि योग्य नंबरचा चष्मा नसणं. दोन्हींवर इलाज आहे.

काचबिंदूचं तसं नाही. बहुतेकदा तो दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी खातो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. मधुमेहही पडद्यावर असाच गुपचूप काम करतो. म्हणून चाळिशीनंतर नुसता नंबर काढून भागत नाही. डोळ्याचा दाब, नस आणि पडदा तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर दरवर्षी. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, की नागपूरचं ऊन सोसवत नाही. तेव्हा स्कूटर घरी ठेवून कुणाला तरी सोबत न्यावं.

बाकीचं घरातच होतं. आम्ही पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारला, वाचायचा दिवा आईच्या खांद्यामागे आणला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला लांबचं स्वच्छ दिसतं. पेपराला चष्मा लागतोच.

या दिवाळीत घरातलं वडीलधारं माणूस पणतीत तेल घालत असेल, तेव्हा जरा पाहा. धार बाहेर जात असेल तर टोकू नका. भाऊबीज झाली, की डोळे तपासायला घेऊन जा.