रुग्णाचे गुपित आणि आपले कर्तव्य

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. कोणाच्या खात्यात किती रक्कम आहे, हे शेजाऱ्याला काय, सख्ख्या भावालाही आम्ही सांगत नाही. मग माणसाच्या आजाराची बातमी मात्र चारचौघांत का फिरावी?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याने रजेच्या अर्जासोबत डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडले. त्यावर क्षयरोगाचा उल्लेख होता. दुपारपर्यंत तो साऱ्या शाखेला कळला. उपचार पूर्ण करून, बरे होऊन ते कामावर परतले, तेव्हा त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला होता. वास्तविक क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेतून पसरतात, कपातून नव्हे. हे ठाऊक असूनही आम्ही गप्प बसलो, याची खंत आजही वाटते.

गुप्तता ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हे. बोभाटा होईल या भीतीने माणूस तपासणीलाच जात नाही, दुखणे अंगावर काढतो आणि रोग घरात पसरतो. म्हणजे गुप्ततेत इतरांचेही हित आहे.

तथापि तिलाही मर्यादा आहेत. सन 2012 पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारी आरोग्य यंत्रणेकडे करणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. पण ती नोंद उपचारासाठी असते, गल्लीत सांगण्यासाठी नाही.

एच.आय.व्ही.च्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या खटल्यात नियोजित वराला एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे उघड झाले व लग्न मोडले. रुग्णाची गुप्तता निरपवाद नाही, वधूच्या आरोग्याचा हक्कही महत्त्वाचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये दिला.

पुढे 2017 चा एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा झाला. तो सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार जोडीदाराला ही माहिती फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक देऊ शकतो. त्यासाठी जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका असला पाहिजे. रुग्णाने स्वतः सांगावे म्हणून आधी त्याला समजावले पाहिजे. तो सांगणार नाही अशी खात्री झाल्यावर, आपण सांगणार असल्याची कल्पना त्याला दिली पाहिजे. मात्र रुग्ण स्त्री असेल आणि सांगितल्याने तिला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, तर पतीला सांगता येत नाही.

मालकाला, घरमालकाला किंवा शेजाऱ्याला असा कोणताही अधिकार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तर 1997 मध्येच एका एच.आय.व्ही.बाधित कामगाराला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली. काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ लागण झाली म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असेही सांगितले.

थोडक्यात, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला योग्य मार्गाने कळावे. इतरांना कळण्याचे कारण नाही. सभासद बंधू-भगिनींनी आणि विद्यार्थी मित्रांनी एवढे तरी करावे: कोणाच्या आजाराची गोष्ट कानावर आली, तर ती आपल्यापाशीच थांबवावी आणि त्याच्यासोबत चहा घ्यावा. आम्ही त्या दिवशी तो घेतला नव्हता.