न ऐकता घ्यावयाचा आवाज

मडके विकत घेताना माणूस ते वाजवून पाहतो. धान्य घेताना चार दाणे दाताखाली चावून बघतो. जी वस्तू ज्या कामासाठी घ्यायची, त्याच कामावर तिची पारख करावी, हा बाजारातला जुना दंडक आहे. मग जी केवळ ऐकण्यासाठीच घ्यायची, ती वस्तू न ऐकता घेणे शहाणपणाचे कसे ठरावे? तरीही जुन्या, उंची ध्वनिवर्धकांचे, म्हणजे रूढ शब्दात स्पीकरांचे, पुष्कळसे सौदे असेच होतात.

बंगळूरच्या चिकपेटेचेच उदाहरण घ्या. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या शहराचा हा जुना गाभा. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान. शेजारची दोड्डपेटे म्हणजे मोठी पेठ, हिलाच आज अव्हेन्यू रोड म्हणतात. या परिसरात रविवारी रस्त्याच्या कडेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पदपथावर मांडलेल्या मालाला वीज कोठून मिळणार? आणि मिळाली, तरी त्या कोलाहलात कान काय निवाडा करणार? परगावच्या विक्रेत्याकडून छायाचित्रांवर विसंबून माल मागवणाऱ्याची अवस्थाही याहून निराळी नसते.

अशा वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हा स्पीकर धडधाकट आहे काय, हा पहिला. आणि याचा आवाज मला रुचेल काय, हा दुसरा. पहिल्याचे बरेचसे उत्तर डोळे, बोटे आणि एक लहानसे मापकयंत्र देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र कानच देतात.

स्पीकरची रचना साधी असते. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून वीज वाहू लागली की ते मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवा हलवतो. शंकूची कड एका लवचीक झालरीने चौकटीला जोडलेली असते. पहिली दृष्टी या झालरीवर टाकावी. ती फोमची असेल, तर दमट उष्ण हवेत दहावीस वर्षांत तिचा भुगा होऊ लागतो. रबराची झालर सहसा अधिक टिकते. झालर बदलता येते. पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

नंतर बोटांची टोके शंकूवर सभोवार सारखी ठेवून तो हलकेच आत दाबावा. खरखर लागली, तर वेटोळे चुंबकाला घासते आहे. पेटी कधी आपटली असावी किंवा वेटोळे जळून फुगले असावे. मग मल्टीमीटर लावावा. ज्यावर ८ ओहम लिहिले आहे, त्याचे वाचन बहुधा साडेपाच ते सातच्या दरम्यान येते. काटा हललाच नाही, तर तार तुटली आहे. जोडीतल्या दोघांत मोठी तफावत असेल, तर एकाची दुरुस्ती निराळ्या मालाने झाली असण्याचा संभव आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की दोन्ही शंकू एकाच दिशेला उसळले पाहिजेत.

येथे एक सावधगिरी हवी. या चाचण्या मोठ्या शंकूपुरत्याच आहेत. उंच स्वर देणाऱ्या लहान ट्वीटरच्या वाटेत सामान्यतः कपॅसिटर असतो. तो सेलची वीज अडवतो. म्हणून मीटर निर्दोष म्हणत असतानाही ट्वीटर मुका असू शकतो. बॅटरीवर चालणारा छोटा अॅम्प्लिफायर सोबत नेला, तर कान जवळ नेऊन एवढे तरी समजते. परगावच्या विक्रेत्याकडे प्रत्येक स्पीकर वेगळा वाजवून केलेले चित्रण मागावे; जाळी काढलेल्या शंकूचे आणि मागच्या पट्टीचेही छायाचित्र मागावे.

मागची पट्टी किती बोलते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बी.बी.सी.ने १९७० च्या दशकात लहान जागेत ध्वनी तपासण्यासाठी घडवलेला ‘एलएस ३/५ए’. तो परवान्याने अनेक कंपन्यांनी बनवला. आधीचे १५ ओहमचे, नंतरचे ११ ओहमचे. एक इकडचा, एक तिकडचा घेतला तर ती जोडी नव्हे. शिवाय त्याची संवेदनशीलता सुमारे ८२-८३ डेसिबल, म्हणजे कमीच. दर ३ डेसिबलला दुप्पट शक्ती लागते. त्यामुळे ९१ डेसिबलच्या स्पीकरइतका मोठा आवाज काढायला याला सुमारे आठपट शक्ती हवी. घरचा अॅम्प्लिफायर दुबळा असेल, तर निर्दोष जोडीही निरुपयोगी वाटेल.

एवढे करूनही दुसरा प्रश्न उरतोच. तोच स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो, भिंतीपासून दूर नेला की आटोक्यात येतो. खोलीचा हा परिणाम कोणत्याही बाजारात तपासता येत नाही. म्हणून जेवढे तपासता आले, तेवढ्याचीच किंमत द्यावी, दुरुस्तीचा अंदाज वजा करावा आणि पुढे विकताना सोसवेल इतकाच तोटा पत्करावा. विक्रेता झालर दाखवू देत नसेल, शंकूला हात लावू देत नसेल, तर नाव कितीही मोठे असो, पुढच्या दुकानाकडे वळणे बरे. संसाराच्या पैशातून हौस भागवणाऱ्याला एवढी सावधगिरी कमीपणाची वाटू नये.