गाईडलाही शिकवावे लागते

उप्साला (स्वीडन) : सोलापूरहून फोन आला की इकडे पीएच.डी. करणाऱ्या पोरांविषयी दोन प्रश्न हमखास येतात. फेलोशिप वेळेवर मिळते का? आणि गाईड त्रास देतो का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. इथे बहुतेक पीएच.डी. विद्यार्थी विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. आजारपणाची आणि बाळंतपणाची रजासुद्धा मिळते. दुसरे उत्तर मात्र कुणाला पटत नाही. इकडचे गाईड देवमाणसे असतात, असा आपला समज आहे. तसे काही नाही. तिरसट, कामचुकार, प्रकरण वाचायला घेऊन विसरणारे गाईड इथेही भेटतात. पण ते तसे निघू शकतात हे धरूनच इथले नियम केले आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला किमान दोन मार्गदर्शक हवेत. त्याचा अभ्यास आराखडा लेखी असतो आणि वर्षातून एकदा तरी तपासावा लागतो. विद्यार्थ्याने मागितला तर गाईड बदलून मिळतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी त्यासाठी आधी त्याच गाईडची ना-हरकत आणायला सांगतात. म्हणजे सासूच्या परवानगीने माहेरी राहायला जायचे.

मला खरा धक्का बसला तो मार्गदर्शकांच्या कोर्समध्ये. होय, गाईडांचा कोर्स! १४७७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या गावात, आपल्या विषयात नाव कमावलेला प्राध्यापक बाकावर बसला होता आणि एक तरुण प्रशिक्षिका त्याची विद्यार्थ्याशी लुटुपुटूची बैठक घेत होती. संपल्यावर तिने विचारले, "यात विद्यार्थी किती वेळ बोलला?" प्राध्यापक गप्प. आपल्या एखाद्या विभागप्रमुखाला हे विचारून पाहा. पुढच्या वर्षी तुमचे टाइमटेबल कसे लागते ते कळेल.

नियम आपल्याकडे नाहीत असे नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार पीएच.डी. विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला लावली. कॉलेजात मेंटॉर-मेंटी योजनाही आहे. पण नॅकची टीम यायच्या आदल्या रात्री त्या योजनेचे रजिस्टर कसे भरले जाते, हे मी पाहिले आहे. चार रंगांची पेने, मागच्या तारखा आणि प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एकच शेरा : 'अभ्यासात लक्ष देण्यास सांगितले.'

याचा दोष मी शिक्षकाला देत नाही. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवायचे, त्यावर परीक्षा, प्रवेश, निवडणुकीचे काम. मार्गदर्शन कसे करावे, हे त्याला कुणी शिकवलेले नाही. स्वतःच्या गाईडने जे केले तेच तो पुढे चालवतो. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे काय? ज्याला फक्त घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, त्याच्याकडून तासाबाहेरचा जिव्हाळा कोणत्या तोंडाने मागायचा?

तरीही मागावा लागत नाही, हीच आपली गंमत. सोलापुरातल्या एका कॉलेजातले सर मला ठाऊक आहेत. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली एक मुलगी एम.एस्सी. अर्धवट सोडून लग्नाला उभी राहणार, असे कानावर येताच सर स्कूटरवरून तिच्या घरी गेले. आई विड्या वळत होती, वडील यंत्रमागावरून नुकतेच आलेले. सरांनी सगळी बोलणी तेलुगूत केली आणि दोन वर्षांची मुदत मिळवली. ही भेट कुठल्याच रजिस्टरात नाही.

इथे उप्सालात नोव्हेंबरमध्ये दुपारीच अंधार पडतो, पोरे खचतात. गाईड अतिशय सौजन्याने समुपदेशकाचा पत्ता ईमेल करतो आणि घरी जातो. चूक काहीच नाही. पण मला चीड येते. आराखड्यात रकाना आहे, म्हणून दार वाजवायचे राहूनच जाते.

सोलापूरचे विद्यापीठ २००४चे, एका जिल्ह्यापुरते. एवढ्या आटोपशीर ठिकाणी मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरणे आणि तासिकावाल्यांना त्याचे पैसे देणे अशक्य नसावे.

त्या सरांना इथल्या कोर्सवर एक सत्र शिकवायला बोलवावे, असे फार वाटते. पण त्यांना रजा मिळायची नाही. त्यांचे तास घ्यायला कॉलेजात दुसरे कोणी नाही.