गिअरची मूठ जड घ्यावी का?

आपल्या बचत गटांमधल्या बऱ्याच जणी आता चारचाकी चालवतात. कुणी डबे पोचवते, कुणी मसाले आणि पापड दुकानांत देते. खडकीतून निघायचं, बोपोडी, हॅरिस पूल, दापोडी, नाशिक फाटा करत भोसरी गाठायची, म्हणजे सकाळच्या गर्दीत शंभरदा तरी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. हात भरून येतो. मग कुणीतरी सांगतं, "ताई, वजनदार नॉब बसवा, गिअर लोण्यासारखा पडेल." आमच्या गटात एका ताईंनी यासाठी अंतर्गत कर्जच मागितलं. म्हणून आज बोलूया गिअरच्या दांड्यावरच्या मुठीबद्दल.

जड मुठीनं फरक पडतो, हे खरं आहे. मुसळ आठवा. हलक्या मुसळानं कांडताना प्रत्येक घाव आपल्याला मारावा लागतो. जड मुसळ एकदा खाली निघालं की स्वतःच्या वजनानं काम करतं. मुठीचंही तसंच. हातानं दांड्याला गती दिली की वजन ती गती टिकवतं. गिअरबॉक्समध्ये बहुधा पितळेची एक कडी असते, तिला सिंक्रो म्हणतात. ती घासून दोन्ही चाकांचा वेग जुळवते आणि मग गिअर बसतो. त्या क्षणी हाताला जो अडथळा लागतो, तो जड मुठीमुळे कमी जाणवतो. दांड्याची बारीक थरथरही थोडी कमी होते.

पण जाणवणं कमी झालं, दुखणं बरं झालं नाही. गिअर मुळातच अडकत असेल तर मूठ हा त्यावरचा इलाज नव्हे. घरीच तपासा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करा. इंजिन बंद असताना क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबा, ब्रेकवर पाय ठेवा आणि पुन्हा टाका. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना कुरकुरतात, तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. दोन्ही वेळा घट्ट लागत असतील तर केबल किंवा दांड्याचे सांधे बघायला सांगा. फक्त सकाळी गाडी गार असताना जड जात असेल तर गिअर ऑइल तपासायचं. चालत्या गाडीत एकच गिअर, बहुधा दुसरा, खरखरत असेल तर सिंक्रो झिजलेली असू शकते. आमच्या त्या ताईंच्या गाडीत क्लचची केबल निघाली. कर्ज मंजूर केलं, पण केबलसाठी.

झिजलेल्या गिअरबॉक्सवर जड मूठ उलटी बाधते. खड्ड्यात गाडी आदळली की ते वजन दांड्याला झटका देतं आणि गिअर आपोआप न्यूट्रलला येऊ शकतो. चढावर हे झालं तर काय होईल, सांगायला नको.

गाडी ठणठणीत आहे आणि मूठ झिजली, फुटली, म्हणून नवी हवीच आहे? मग जुनी काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. नवी तिच्यापेक्षा थोडी जड, दोन-अडीचशे ग्रॅमपर्यंत, रोजच्या कामाला पुरे, असं माझं मत. अर्धा किलोचे गोळेही मिळतात, ते हौसेचे. चकाकीला भुलू नका. ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्ही चमकतात, पण त्याच आकारात ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश भरतं. आणि उन्हात उभ्या गाडीतली उघडी धातूची मूठ एप्रिल-मे महिन्यात तव्यासारखी तापते. त्यापेक्षा चामडं गुंडाळलेली बरी.

मनगट किंवा खांदा दुखत असेल तर वजनापेक्षा उंची बघा. मूठ उंच असली की दांडा लांब होतो, जोर कमी लागतो. हात मात्र जास्त फिरवावा लागतो. बुटकी मूठ दिसायला ऐटदार, पण जोर जास्त मागते. दुकानात हातात धरून बघा. बांगड्या घालून जा, रोज जशा घालता तशा. दुकानदार हसला तर हसू दे.

मूठ बसवताना खरी गोम आट्यांत आहे. दांड्याची जाडी 8, 10 किंवा 12 मिलिमीटर अशी वेगवेगळी असते आणि आट्यांमधलं अंतरही 1.25 किंवा 1.5. चुकीची मूठ दोन फेरे जाते आणि अडते. तिथे जोर लावलात तर दांड्याचे आटे जातात. नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाणार असाल तर जुनी मूठ सोबत न्या. काही गाड्यांत आटे नसतातच, मूठ नुसती दाबून बसवलेली असते. अशांसाठी बारीक स्क्रूचं जोडकाम विकतात. ते ढिलं होऊन मूठ हातात येते, त्याच्या वाटेला जाऊ नका. रिव्हर्ससाठी मुठीखालची रिंग वर उचलावी लागत असेल, तर नवी मूठ लावल्यावर ती रिंग पूर्ण उचलली जाते का, हे दुकानासमोरच बघा.

आणि मूठ कुठलीही असो, गाडी चालवताना हात तिच्यावर टेकवून ठेवू नका. हाताचा भार आतल्या फोर्कवर जातो आणि तो झिजतो. जुनी मूठ फेकू नका, डिकीत ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक मूळची मागतं.