दर्या आणि सावधपणा

ज्या कोकणपट्टीतून आपले अनेक पूर्वज एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेले, तेथील कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पिल्यावरच मासेमारीस निघतात. या व्रतात भक्तीबरोबर सावधपणाही आहे.

तथापि पावसाळा सरल्यावरही वादळे येतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' कोकणावर आले आणि कित्येक मच्छीमार परतले नाहीत. २०१७ च्या 'ओखी' वादळात मात्र केरळ व तमिळनाडूच्या ६८ नौकांनी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याचा आश्रय घेतला. ९५२ जण सुखरूप राहिले.

म्हणून इशारा मिळताच जवळचे बंदर गाठावे. ते न साधल्यास होडीची नाळ लाटांसमोर ठेवावी, बाजू लाटेस देऊ नये. ओझे तळाशी ठेवून खाली बसावे व पाणी उपसत राहावे. जीवरक्षक जाकीट निघण्यापूर्वीच अंगात घालावे.

ब्रिटनमध्ये नौकांना वादळाचे इशारे देण्यास ॲडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ साली आरंभ केला. आज ईलिंगमधील आपल्या घरीही बीबीसीवरून सागरी हवामानवार्ता ऐकू येते. सुटीत होडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मुलांनी ती ऐकूनच निघावे, आणि वारा प्रतिकूल असता निःसंकोच माघारी फिरावे.