राजा पेले, लाडका गारिंचा

ब्राझीलमध्ये पेले म्हणजे ‘राजा’ आणि गारिंचा म्हणजे ‘लोकांचा आनंद’. दोघं एकाच काळातले, एकाच संघातले. ही जोडी मैदानात उतरली आणि ब्राझील हरला, असं एकदाही घडलं नाही. पेले थोर, हे सगळ्यांनाच मान्य होतं. तरी लोकांचा जीव जडला तो गारिंचावर. असं का व्हावं?

मला वाटतं, उत्तर बरंचसं त्याच्या एका चालीत आहे. उजव्या बगलेवर चेंडू घेऊन तो बचावपटूसमोर चक्क थांबायचा. चेंडू जागच्या जागी. हलायचं ते नुसतं अंग. तो डावीकडे झुकला की बचावपटूचा भारही नकळत त्याच बाजूच्या पायावर जायचा. तो पाय सोडवून वळायला जो क्षण लागतो, तेवढ्यात गारिंचा उजवीकडून पसार! पुढच्या वेळी पुन्हा तेच. कधी कधी तर पुढे गेल्यावर थांबून तो बचावपटूला परत येऊ द्यायचा आणि पुन्हा चकवायचा. चाल साऱ्या जगाला पाठ होती, पण झुकलेल्या अंगामागे जाणारा स्वतःचा तोल आवरणं कुणाला जमत नव्हतं.

आणि इथेच गंमत आहे. पेले काय करील याचा अंदाज कुणालाच नसायचा, म्हणून प्रेक्षक थक्क व्हायचे. गारिंचा काय करणार हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक असायचं, म्हणून प्रेक्षक आधीच हसायला लागायचे. ते त्या खोडीत सामील असायचे. १९५८ मध्ये मेक्सिको सिटीत त्याच्या प्रत्येक हुलकावणीला लोकांनी बैलझुंजीतली ‘ओले’ची आरोळी दिली आणि फुटबॉलमध्ये ती तिथूनच आली, असं सांगतात.

शिवाय तो त्यांच्यातलाच होता. पाऊ ग्रांदे या गिरणीच्या गावात वाढलेला, तिथेच कामाला लागलेला. उजवा पाय आत वाकलेला, डावा बाहेर. त्यात एक आखूड. असे पाय घेऊन तो १९५३ मध्ये बोटाफोगो क्लबात चाचणीला आला आणि त्याने नामवंत बचावपटू निल्टन सांतोसला चकवलं. निल्टननेच मग ‘याला घ्या’ म्हणून आग्रह धरला.

पेलेला १९६१ मध्ये सरकारने राष्ट्रीय ठेवा ठरवलं. पुढे तो क्रीडामंत्रीही झाला. गारिंचाला ना पैसा सांभाळता आला, ना दारू सोडता आली. पण १९६२ च्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, तेव्हा संघ ओढून नेला तो यानेच. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, यजमान चिलीविरुद्ध दोन, आणि विश्वचषक पुन्हा ब्राझीलकडे.

१९८३ मध्ये, पन्नाशीही न गाठता तो गेला. पार्थिव माराकाना स्टेडियममध्ये ठेवलं होतं. तिथून पाऊ ग्रांदेपर्यंतच्या रस्त्यावर माणसांची रीघ लागली होती. आज राजधानी ब्राझिलियातलं राष्ट्रीय स्टेडियम त्याच्याच नावाने ओळखलं जातं.